दलदलीतला सीन

माझे वडील दलदलीत बुडून मरतात, हे रायपुरातल्या बऱ्याच लोकांनी पाहिलं आहे, आणि पोट धरून हसत पाहिलं आहे. छातीपर्यंत चिखल, डोक्यावर साहेबी टोपी, एका हातात नकाशा आणि दुसऱ्या हातात सोनेरी रंग फासलेला लोटा. खजिना सोडवत नाही म्हणून म्हातारा बुडतो, अशी ती गोष्ट. सिनेमा आमच्या गावात तयार झाला, गावात लागला आणि गावातच पडला. प्रत्यक्षात बाबा त्या चिखलातनं धडधाकट बाहेर आले, बादलीभर गरम पाण्यानं त्यांनी अंघोळ केली आणि माझ्या हातचे पराठे खाल्ले. धडधाकट हा शब्द मी लिहून गेले खरा, पण तो बरोबर नाही.

बाबा रेल्वेत होते. मूळचे वर्धेकडचे, नोकरीपायी रायपूरला आले आणि तात्यापारा मोहल्ल्यातल्या जुन्या मराठी घरातली मुलगी करून इथलेच होऊन बसले. गाड्यांच्या घोषणा यंत्रातनं यायला लागल्या त्याआधी स्टेशनवर त्या माणूस करायचा, आणि रायपूरला तो माणूस म्हणजे माझे बाबा. गाडीतनं उतरलेल्या प्रवाशाला गाव दिसायच्या आधी त्यांचा आवाज भेटायचा. भाजीबाजारात त्यांनी वांग्यांचा भाव विचारला की बाई मान वर करून म्हणायची, "अरे, आप तो टेसन वाले हो!" आई सांगायची की बघण्याच्या कार्यक्रमात बाबा एकच वाक्य बोलले आणि तिनं आत जाऊन होकार दिला. चेहरा तिनं लग्नातच नीट पाहिला म्हणे.

चेहरा पाहण्यासारखा नव्हता, हेही सांगून टाकते. लहानपणी देवी येऊन गेल्याचे व्रण गालभर, अंगकाठी किडकिडीत. गणपतीत मंडळाचं नाटक बसायचं, तेव्हा बाबांना दरवर्षी एकच काम मिळे. पडद्यामागनं आकाशवाणी करायची, नाहीतर सुरुवातीचं निवेदन. राजा व्हायला उंच माणसं होती. बाबा हसून म्हणायचे, "मी बिनतोंडाचा नट हाओ." हसायचे, पण ते त्यांना लागायचं. नाटक संपल्यावर मेकअप पुसणाऱ्या नटांच्या घोळक्यात ते उगाच उभे राहायचे, हे मी लहानपणापासून बघत आले होते.

पुढं नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि गावाला एकदम घाई सुटली. ज्या इस्पितळात माझा जन्म झाला तिथं सचिव आणि मंत्री बसायला लागले. नवं रायपूर तेव्हा नुसतं नकाशावर होतं, पण तिथं प्लॉट घेतल्याच्या बाता पानठेल्यावर रोज ऐकू यायच्या. जो तो कोणीतरी व्हायला निघाला होता. अशातच छत्तीसगढी सिनेमांची लाट आली. पंडरी बाजारातल्या एका कापडाच्या ठोक व्यापाऱ्याला वाटलं, साड्या विकून कोणाचं नाव झालंय? आणि त्यानं सिनेमा काढायचं ठरवलं. दिग्दर्शक म्हणून त्यानं धरला लग्नांची व्हिडिओ शूटिंग करणारा एक तरुण. माझ्या ताईच्या लग्नाची कॅसेट त्यानंच काढली होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसे हे दोघं.

गोष्ट जंगलातल्या खजिन्याची होती. राजाचं सोनं गुहेत, वाटेत अस्वलं, अजगर, विषारी बाण, आणि मोहिमेचा म्होरक्या एक म्हातारा प्रोफेसर, जो शेवटी लोभापायी दलदलीत जातो. दिग्दर्शक आमच्या घरी आला, आईच्या हातचा चहा प्याला आणि बाबांना म्हणाला, "काका, प्रोफेसर आप ही बनोगे. आपकी आवाज परदा फाड़ देगी."

बाबांनी त्या दिवशी जेवताना दोनदा आमटी मागितली. आई म्हणाली, "म्हातारपणी काय हे थेर! लोकं हासतीन."

"हासू दे न व," बाबा म्हणाले. "पण पाहतीन तं."

शूटिंग थंडीत झालं. सिरपूरच्या रस्त्याला जंगलाचा एक तुकडा त्यांनी बस्तर म्हणून वापरला. मी तेव्हा एका शाळेत शिकवत होते. सुटीच्या दिवशी बाबांचा डबा घेऊन जायची. तिथं मी जे पाहिलं त्याला सिनेमा म्हणायचं, तर आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनालाही म्हणायला हवं. अस्वलाच्या कातडीत शिरलेला माणूस मधल्या वेळात डोकं काखेत मारून बिडी ओढायचा, आणि त्याच्या पाठीवरची चेन उन्हात चकाकायची. अजगर रबरी, मासे धरायच्या दोरीनं ओढायचा, दोरी तुटली की सगळे जण "साप मर गे!" म्हणून ओरडायचे. आदिवासी म्हणून नाचणाऱ्या पोरी एका ऑर्केस्ट्रातल्या होत्या, अंगाला पिसं लावलेल्या आणि थंडीनं काकडलेल्या. खजिना म्हणजे त्या व्यापाऱ्याच्या घरचे लोटे आणि परातीच. बाबा त्या सगळ्यात अर्धी खाकी चड्डी घालून काड्यांसारख्या पायांनी फिरत होते आणि जन्मात पाहिले नाहीत इतके खुशीत होते. घसा बसल्यासारखा वाटत होता. "थंडीचा," म्हणाले, आणि गळ्याला मफलर गुंडाळून घेतला.

दलदलीचा सीन झाला त्या दिवशीही मी तिथं होते. आटत आलेल्या तळ्याच्या कडेला खड्डा खणून त्यात चिखल केला होता, वर धानाचा भुसा पसरला होता. चिखल पातळ राहावा म्हणून डिझेलचा पंप सतत चालू होता. त्याचा असा आवाज की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. मी लांब बांधावर उभी होते. दिग्दर्शक हाताचा कर्णा करून बाबांना सांगत होता, "काका, डायलॉग भूल जाओ तो भी चलेगा! कुछ भी बोलो, होंठ हिलना चाहिए! आवाज बाद में डालेंगे!"

ते "बाद में डालेंगे" मी कानांनी ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीही शिरलं नाही. मला वाटलं, जनरेटरचा किंवा गाण्याचा आवाज म्हणत असेल. सिनेमात माणूस बोलतो तेव्हा त्याचा आवाज तिथल्या तिथं, चेहऱ्याबरोबरच टिपला जातो, अशी माझी एम. ए. झालेल्या बाईची पक्की समजूत होती. आईचीही तीच. आम्ही घरात बाबांचा आवाज इतका ऐकलेला की चेहरा एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, असं काही असू शकतं हे सुचायलाच जागा नव्हती. खरं तर सबंध गावाला हा माणूस तसाच ठाऊक होता, पण ते लक्षात यायला मला फार उशीर लागला.

कॅमेरा सुरू झाला. बाबा हळूहळू खाली बसत गेले, भुसा त्यांच्या छातीशी आला. कॅमेरा त्यांच्या तोंडाजवळ नेला होता. त्यांचे ओठ हलत होते, बराच वेळ हलत होते, आणि डोळ्यांत पाणी होतं. काय बोलतायत ते पंपाच्या घरघरीत कोणालाच ऐकू आलं नाही. कट म्हटल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला वाटलं, माझा बाप खरंच नट आहे.

उन्हाळा लागेपर्यंत आवाज पार फाटला. आईनं ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, गळ्याला शेकणं झालं, सगळं करून पाहिलं. तंबाखूचा खर्रा सोडा म्हणून ती लग्नापासून सांगत होती. आता डबी लपवायला लागली. मग एके दिवशी बेसिनमध्ये रक्त दिसलं आणि आम्ही नागपूर गाठलं. इथली माणसं काही झालं की नागपूरच गाठतात, राजधानी होऊनही ते सुटलं नव्हतं.

डॉक्टर वयस्क होते, सावकाश बोलणारे. नळी घालून तपासल्यावर त्यांनी विचारलं, "रक्त केव्हापासून पडतंय?"

"झाले असतीन पंधरा-वीस दिवस," बाबा घोगरत म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बाहेर मला त्यांनी सगळं सांगितलं. स्वरयंत्राचा कर्करोग. थंडीत आला असतात तर किरणांचा शेक देऊन भागलं असतं, आवाजही बहुतेक राहिला असता. आता स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला पुढं भोक राहील, श्वास तिथनं चालेल. जीव वाचेल असं वाटतं, बोलणं नाही. मी विचारलं, "पंधरा-वीस दिवसांत एवढं वाढतं?" ते म्हणाले, "काहींचं वाढतं." त्यांना शंका होती, हे आता कळतं. त्या वेळी मी त्यांचे आभार मानून परत फिरले.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आई बाबांच्या खाटेवर पायाशी बसली होती. तिला त्यांचं बोलणं ऐकायचं होतं, पण आता ते बोलणं नव्हतंच, कागद फाडल्यासारखी खरखर होती. ती म्हणाली, "बोलू नोका. सिनेमात हाय न तुमचा आवाज? तेवढा तं राहीन. आपण पाहू मंग, दोघं जाऊन पाहू."

बाबांनी मान हलवली. हो, म्हणाले.

ते खोटं होतं. डबिंग नंतर व्हायचं आहे, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आवाज कुठंही नव्हता. पण ते मान हलवून मोकळे झाले आणि आई त्या एका मानेवर पुढचे सगळे महिने जगली.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी आल्यावर मी त्यांना पाटी आणून दिली. सुरुवातीला ते पाटीवर लिहायचे, पण आईला चष्म्याशिवाय वाचता येत नसे आणि चष्मा शोधेपर्यंत बाबा चिडायचे. मग ती त्यांच्या ओठांकडं बघायला लागली. आधी "पाणी" आणि "पंखा" एवढंच कळे. मग "शेजारचा पुन्हा दारात गाडी लावून गेला" कळायला लागलं. पावसाळा सरेपर्यंत तिला सगळंच कळायला लागलं. बाबा नुसते ओठ हलवायचे, ती जशीच्या तशी मोठ्यांदा बोलायची, आणि तीही त्यांच्याच बाजूनं: "मी सांगून राहिलो न तुले, त्या गाडीनं जाऊ नोको!" भेटायला आलेले लोक आधी दचकायचे, मग सवय व्हायची. मंडळात गणपतीच्या बैठकीला ती त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या वतीनं भांडलीसुद्धा. तीस वर्षं जिनं नवऱ्यापुढं आवाज चढवला नाही ती बाई त्यांच्या तोंडून सगळ्यांना सुनवायला लागली. खरं सांगते, त्या दिवसांत ती मला सुखी दिसायची. माझे ओठ मात्र तिला वाचता येत नसत; मी करून पाहिलं. फक्त त्यांचेच यायचे.

तरी आवाजाची भूक तिची गेली नव्हती. एकदा तिनं ताईच्या लग्नाची कॅसेट काढायला लावली. कन्यादानाच्या वेळी बाबा काहीतरी बोलले होते, सगळे रडले होते, तिला ते ऐकायचं होतं. कॅसेट लावली. बाबा पडद्यावर बोलत होते, ताई पदर तोंडाला लावून उभी होती, आणि सगळ्यावर व्हिडिओवाल्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी चढवून ठेवली होती. ढोलक, सनई आणि "बाबुल" असलं काहीबाही. आईनं स्वतः उठून टीव्ही बंद केला. "असू दे," म्हणाली. "सिनेमात हाय."

म्हणून सिनेमा केव्हा लागणार ते विचारायला मी दिग्दर्शकाच्या दुकानावर गेले. तो खुशीत होता. दिवाळीला लागतोय म्हणाला. मग म्हणाला, "दीदी, काका की डबिंग की चिंता मत करना. दुर्ग से नाचा का एक कलाकार बुलाया था, ऐसी आवाज दी है कि मजा आ जाएगा." नाचा म्हणजे इकडचं लोकनाट्य.

मी विचारलं, "काका की अपनी आवाज? जो शूटिंग में थी?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी शाळेत शिकवते यावर त्याचा विश्वासच बसत नव्हता. "शूटिंग में आवाज कहाँ लेते हैं दीदी? काका को तो मालूम है."

घरी येऊन मी आईला स्वयंपाकघरात सांगितलं. तिनं गॅस बंद केला, बाहेर आली, बाबांसमोर उभी राहिली. "तुमाले ठाऊक होतं?"

बाबांनी मान हलवली.

"मंग मले हो काहून म्हणले?"

बाबांचे ओठ हलले. आईनं ते मोठ्यांदा म्हटलं नाही, पण मला नंतर सांगितलं: तुले बरं वाटावं म्हणून. तिसऱ्या दिवशी तिनं त्यांचा कोट उन्हात टाकला. "तोंड तं हाय न पडद्यावर," मला म्हणाली. "जन्मभर लोकायनं आवाज आयकला, तोंड कोणी पाह्यलं नाई. आता पाहू दे." मला तिचं तेव्हा इतकं कौतुक वाटलं की मी तिला मिठी मारली, आणि आमच्या घरात असल्या मिठ्या मारायची रीत नाही.

सिनेमा लागला त्या दिवशी थिएटरबाहेर केळीचे खुंट बांधले होते, बँड होता. त्या व्यापाऱ्यानं बाबांच्या गळ्यात हार घातला. गळ्याच्या भोकावर मफलर होता, त्यावर झेंडू. आम्ही मधल्या रांगेत बसलो, बाबा आमच्या दोघींच्या मध्ये.

पहिल्या पाच मिनिटांत हशा सुरू झाला. अस्वलाची चेन दिसली. अजगर उलटा सरकला. नायकानं बाण चुकवला आणि बाण मागच्या पुठ्ठ्याच्या डोंगरात रुतून डोंगर हलला. लोक शिट्ट्या मारत होते. बाबा पडद्यावर आले आणि त्यांच्या तोंडातनं एक जाडजूड, पानात घोळलेला परका आवाज बाहेर पडला. आपला बाप दुसऱ्याच कोणाच्या आवाजात बोलताना बघणं काय असतं ते सांगता येत नाही. घरात कोणी भलताच माणूस बाबांचे कपडे घालून बसलाय असं काहीतरी. आईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं, पण ती नेटानं पाहत होती. "चांगले दिसून राहिले," असं ती एकदा म्हणाली.

मध्यंतरानंतर बाबा चुळबुळायला लागले. त्यांनी आईच्या हाताला धरलं आणि दाराकडं बोट केलं. ती म्हणाली, "घरी काहून? आता तं तुमचा सीन हाय." त्यांनी पुन्हा हात ओढला. तिनं तो सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवून वरनं थोपटला, लहान मुलाला थोपटतात तसा.

मग दलदल आली. बाबांचा चेहरा सगळ्या पडद्याएवढा झाला, व्रणांसकट, डोळ्यांतल्या पाण्यासकट. नाचावाला कलाकार ओरडत होता, "मोर खजाना! मोर सोन! कोनो ला नइ देवंव!" खाली ओठ वेगळेच हलत होते, सावकाश, आणि आवाज संपला तरी हलतच होते. पब्लिकला तर पर्वणीच. "अरे डोकरा, अब तो चुप हो जा!" असं कोणीतरी मागनं ओरडलं आणि थिएटर कोसळलं.

त्या हशात माझ्या डाव्या बाजूनं आईचा आवाज आला. महिनोन्महिन्यांची सवय, त्यांचे ओठ हलले की तिची जीभ आपोआप चालायची. ती पडद्याकडं बघत, नेहमीच्या सुरात, त्यांच्या वतीनं बोलत होती.

"ऐक व. घसा लई दुखते. थुंकीत रक्त येऊन राहिलं. दिवाळीपासून येते. तुले आताच नाई सांगत, तू हे सोडाले लावशीन. एवढं होऊ दे. मंग सांगतो..."

तिथं ती थांबली. पडद्यावर टोपी चिखलावर तरंगत होती. लोक टाळ्या पिटत होते. आईनं मान वळवून बाबांकडं पाहिलं. ते समोर पाहत होते.

त्यांना सांगायचं होतं, हे मी मान्य करते. घरात तोंडावर सांगायची छाती झाली नाही, म्हणून जिथं कोणालाही ऐकू जाणार नाही अशी जागा शोधून, पंपाच्या घरघरीत, कॅमेऱ्याला सांगितलं. तिथं आवाज घेत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मन हलकं करून घेतलं आणि आम्हांला काही कळू दिलं नाही. त्या दिवशी बांधावर मी टाळ्या वाजवत होते तेव्हा नागपूरची गाडी धरली असती, तर हा माणूस आज बोलत असता. थिएटरमधनं बाहेर पडताना लोक त्यांच्याशी हात मिळवत होते आणि ते मान लववून घेत होते.

घरी आल्यावर आईनं कुलूप काढलं, दिवा लावला, त्यांच्या गळ्याची नळी रोजच्यासारखी स्वच्छ करून बसवली. त्यांचे ओठ हलायला लागले तशी ती उठून आत गेली.

काही दिवसांनी दिग्दर्शक आला. सिनेमा पडला होता, पण त्याचा उत्साह उतरला नव्हता. त्याच्या डोक्यात दुसरा सिनेमा होता. "काका, भूत का रोल है," तो म्हणाला. "बोलना ही नहीं है! आपके लिए ही लिखवाया है."

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं. मग आईकडं पाहिलं आणि बोलायला लागले. बराच वेळ बोलले. दिग्दर्शक आईकडं वळला. "काकी, क्या कह रहे हैं?"

आई म्हणाली, "मले नाई समजत."

बाबा थांबले. मग पुन्हा तेच बोलले, या वेळी सावकाश, ओठ मोठे करून. ती त्यांच्या तोंडाकडं न बघता खिडकीकडं बघत होती.

"मले नाई समजत, भैया," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

बाबांनी पाटी मागितली. मी दिली. त्यांनी लिहिलं आणि पाटी घेऊन तिच्यामागं स्वयंपाकघरात गेले. चष्मा ओट्यावरच होता. आईनं पाटी त्यांच्या हातातनं घेतली, पदरानं पुसली आणि परत दिली. दिग्दर्शक बाहेरच्या खोलीत बिस्किट खात होता.

त्यानंतर ती त्यांच्या ओठांकडं कधी पाहीना. बाकी कशात कसूर नव्हती. गरम भात, औषधं, नळी, उशीचा अभ्रा, सगळं वेळच्या वेळी. त्यांनी काही म्हणायला तोंड उघडलं की तिचे डोळे खाली जायचे. ते खाटेवर चमचा वाजवायचे. ती यायची, पाणी द्यायची, पंखा लावायची आणि पाठ फिरवायची. पाठमोऱ्या माणसाशी बोलायला आवाज लागतो. मंडळात जाणं सुटलं. भेटायला येणारे कमी झाले, कारण बसून करायचं काय? मी कधी कधी समोर बसून ओळखायचा प्रयत्न करायची, पण मला चार शब्दांतला एक कळे आणि बाबा हात झटकून भिंतीकडं तोंड करत.

दुखणं पुन्हा उलटलं, या वेळी फुफ्फुसात. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. शेवटच्या दिवशी त्यांचे ओठ सारखे हलत होते. आई उशाशी बसून कापसानं ते ओले करत होती, डोळे मिटून.

तेरावा झाल्यावर मी तिला विचारलं, त्यांच्या ओठांकडं पाहणं का सोडलंस म्हणून. मला वाटलं होतं ती रडेल. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

"लोकायले वाटते मी रागात होते," ती म्हणाली. "राग नवता व. त्याइच्या तोंडाकडं पाह्यलं का मले तेच दिसे. पाणी म्हणो का पंखा म्हणो, मले तेच दिसे. घसा लई दुखते, तुले नाई सांगत. मंग कसी पाहू?"

तिला राग नव्हता, असेल. मला होता. लोक हासू दे पण पाहतीन तं, एवढ्यासाठी ज्या माणसानं बायकोला असं करून ठेवलं, त्याचा मला आजही राग येतो, आणि तो आवाज ऐकायची इच्छाही तेवढीच होते.